सासऱ्यांच्या आजोबांची मोडी वही: आधी आकडे लावा, अक्षरं मागाहून

पत्र: माळवदाचं, म्हणजे मातीच्या धाब्याचं, जुनं घर उतरवताना बळदाच्या वरच्या कोनाड्यात लाल फडक्यात बांधलेली एक लांबट वही निघाली. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांची. त्यांची आडत होती, थोडी सावकारीही होती म्हणतात. सगळं मोडीत आहे. पहिल्या पानावर 'फसली १३३०' एवढंच बाळबोधीत (देवनागरीत) आहे, तेवढं कळतं. काही कडा कुरतडलेल्या, पानापानांत माती, चार-दोन पानांवर जांभळे डाग. धाकटे दीर म्हणतात लॅमिनेशन करून टाकू. सासूबाई म्हणतात दोन दिवस उन्हात घाला. वही टिकवायची कशी, वाचायची कशी, आणि जातीच्या दाखल्याच्या कामी येईल का?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

ताई, सासूबाईंना आणि दिरांना, दोघांनाही आधी थांबवा. लॅमिनेशनमध्ये गरम प्लास्टिक कागदाच्या दोन्ही अंगांना कायमचं चिकटतं. पुढे कोणी जाणकार भेटला तरी ते सोडवता येत नाही, आणि कागदातलं आम्ल आतच कोंडून राहतं. ऊन दाखवलं तर शाई उडते, कागद कडक होऊन वाकडा होतो आणि किडे मरायचे सोडून शिवणीच्या आत सरकतात. सेलोटेप, फेव्हिकॉल, स्टेपलर यांनाही वहीजवळ फिरकू देऊ नका. फाटलेलं पान तसंच राहू द्या. फाटलेलं पान पुढे दुरुस्त होतं, टेप लावलेलं पान मात्र टेपसकट खराब होतं.

वही कोणत्या कागदाची आहे ते आधी पाहा, कारण पुढची वागणूक त्यावर ठरते. आपल्याकडे दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद वापरात होता. पान उजेडासमोर धरल्यावर कागद ढगाळ, कमी-जास्त जाड दिसला, पृष्ठभाग घोटलेला गुळगुळीत असला आणि कोपरा किंचित वाकवल्यावर कापडासारखा परत आला, तर तो हातकागद समजा. तो चिवट असतो. त्याचा शत्रू कसर, कारण घोटण्याआधी दिलेली खळ हेच तिचं खाणं. कडा पिवळ्या-तपकिरी आणि कोपरा वाकवताच तुटत असेल तर तो गिरणीचा कागद. तो आपल्याच आम्लाने ठिसूळ होत जातो. अशी पानं उलटताना प्रत्येक पानाखाली पोस्टकार्डाएवढा जाड कागद सरकवून त्याच्या आधारानेच उलटायची. थुंकी लावून पान उलटायची सवय घरात कोणाला असेल तर त्या माणसाच्या हाती वही नको.

शाईही तपासा, पण पाणी लावून नव्हे, नुसती बघून. काजळाची शाई काळी कुळकुळीत राहते. उजेडाने ती उडत नाही, पण ओल लागली की पसरते. हिराकस घातलेली शाई जुनी झाली की तपकिरी दिसते आणि जाड फराट्यांखाली कागद खाते. मग अक्षराच्या आकाराचं भोकच पडतं. तुमचे जांभळे डाग बहुधा शाई-पेन्सिलीचे असावेत. ती कोरडी असताना करडी दिसते आणि ओल लागली की जांभळी फुटते. डाग लिहिलेल्या ओळीच्या आसपासच असले तर तेच. पण डाग कुठेही, भुरभुरीत आणि कुबट वासाचे असतील तर ती बुरशी. ते पान सध्या उघडू नका आणि वही सावलीत, कोरड्या खोलीत आठवडाभर राहू द्या.

साफसफाई कोरडीच करायची. खाली पांढरी चादर, नाकाला मास्क (एन-९५ असला तर उत्तम), हात धुऊन पुसलेले. दाढीचा नवा मऊ ब्रश किंवा एक इंची मऊ रंगाचा ब्रश घ्या आणि शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे एकाच दिशेने झाडा. माळवदाची पांढरी माती बारीक आणि खरखरीत असते. ती बोटाने चोळली तर कागद घासला जातो आणि शाईही उतरते. अक्षरांवर चमकणारी जाड वाळू दिसली तर ती माळवदाची नसेल. ओली शाई टिपायला पूर्वी वाळू टाकत. ती सैल पडेल तेवढी पडू द्या, चिकटलेली खरवडू नका. चिकटलेली पानं सुरीने सोडवायची नाहीत. पानांत अडकलेली चिठ्ठी, पावती, तिकीट लावलेला कागद निघाला तर तो कोणत्या दोन पानांमध्ये होता ते आधी टिपून, फोटो काढून मगच हलवा. बहुतेकदा ती चिठ्ठी समोरच्याच नोंदीची असते, आणि जागा हरवली की तिचा अर्थही हरवतो.

किडे जिवंत आहेत की जुनं नुकसान आहे, हे कळायला वही पांढऱ्या कागदावर आठ-दहा दिवस ठेवा. खाली नवा भुसा पडला तर किडे आत आहेत. मग वही कोरडी असल्याची खात्री करून दोन पॉलिथिन पिशव्यांत हवा काढून घट्ट बांधा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन-तीन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही. नाहीतर थंड कागदावर दव धरतं आणि शाई पसरते. डांबर गोळ्या पानांत घालू नका.

आता फोटो. हे काम वाचनाच्या आधीच उरकायचं, कारण वाचताना शंभरदा पान उघडलं जातं आणि ते वहीचं नाही, फोटोचं उघडलं पाहिजे. चैत्र-वैशाखातल्या कोरड्या उन्हाळ्यात कागद घडीवर तडकतो, श्रावणात ओल धरतो. दसरा-दिवाळीच्या पुढचे दिवस या कामाला बरे. मऊ पेन्सिलीने (२बी) प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक क्रमांक घाला, पाठपोट लिहिलेलं असलं तर '१२ पो' आणि '१२ पा' असे. कोरी पानं आणि पुठ्ठाही सोडू नका. खिडकीचा उजेड एका बाजूने, फ्लॅश बंद, फोन टांगून किंवा स्टँडवर पानाला समांतर. पानाशेजारी पट्टी ठेवा, म्हणजे माप कळेल. वही पूर्ण सपाट दाबायची नाही. दोन बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या देऊन १०० ते १२० अंशांपर्यंतच उघडा.

अक्षर फिकं झालं असेल तर संगणकात फोटोचे तीन रंग वेगळे करून पाहा. तपकिरी झालेली शाई निळ्या चॅनेलमध्ये ठळक होते, जांभळी पेन्सिल हिरव्या चॅनेलमध्ये. एवढ्याने पुसट ओळी पुष्कळदा उठून येतात. ही सोय फुकट असूनही लोक ती सोडून मूळ पानावर लिंबू-हळदीचे प्रयोग करतात, याचं नवल वाटतं.

वाचायला बसल्यावर बहुतेक जण पहिली ओळ धरून अक्षर लावत बसतात आणि तिसऱ्या दिवशी वही कपाटात जाते. हिशेबाच्या वहीत उलटं चालायचं. आकडे आधी. अक्षर चुकीचं वाचलं तर कोणी सांगत नाही. आकडा चुकीचा वाचला तर बेरीज सांगते.

पानाची मांडणी बघा. रेघा नसतात, पण कागदाला उभ्या घड्या पाडलेल्या असतात आणि त्या घड्याच रकान्यांचं काम करतात. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला खर्च किंवा नावे. तारखेनुसार एकामागून एक नोंदी असतील तर ती रोजकीर्द. एका पानावर एकाच माणसाचं नाव आणि त्याच्याखाली अनेक तारखा असतील तर ती खतावणी. सगळ्याची गोळाबेरीज मांडलेली असेल तर तेरीज. एकाच वहीत तिन्ही असू शकतं, म्हणून आधी पानं या तीन गटांत वाटा.

अपूर्णांक हे असे: एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया (४ आणे), दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यानंतरच्या आडव्या किंवा तिरप्या रेघा म्हणजे एकेक आणा. १२॥= म्हणजे बारा रुपये दहा आणे. ७।- म्हणजे सात रुपये पाच आणे. ३॥।≡ म्हणजे तीन रुपये पंधरा आणे. तिन्हींची बेरीज तेवीस रुपये चौदा आणे, म्हणजे २३॥।=. खाली हाच आकडा असेल तर तुमचं वाचन बरोबर. एका आण्याचा फरक पडला तर एखादी आडवी रेघ घडीत गेली असेल. आठ रुपयांचा फरक पडला तर १ आणि ९ ची गफलत असेल. रुपयाच्या जागी काहीच नसेल तेव्हा तिथे आकड्यासारखं वळणदार चिन्ह घातलेलं असतं, ते आकडा म्हणून मोजायचं नाही. आणखी एक चकवा: उभ्या दोन रेघा अक्षरापुढे आल्या तर तो अर्धा नव्हे, ते संक्षेपाचं चिन्ह. मौ॥ म्हणजे मौजे, मु॥ म्हणजे मुक्काम, प॥ म्हणजे परगणा. आकड्यापुढे आल्या तरच अर्धा.

नाणं कोणतं तेही बघावं लागेल. तुमचा भाग निजामाच्या राज्यात होता, तेव्हा घरचा व्यवहार निजामाच्या हाली सिक्क्यात आणि मुंबईकडचा कलदारात, म्हणजे इंग्रजी रुपयात. सरकारी भाव १०० कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे साधारण सहाला सात. वहीत ६० च्या जागी ७० दिसलं आणि जवळ 'बट्टा' असं काही वाचता आलं तर ती चूक नाही, ते नाणं बदललेलं आहे.

मापांबद्दल इतकंच ध्यानात ठेवा की एकच नाव दोन अर्थांनी येतं. वजनाचा मण ४० शेरांचा, तीन मणांचा पल्ला, वीस मणांची खंडी. धान्याचं माप वेगळं: ४ शेरांची पायली आणि पायल्यांचा मण, तोही गावागावाला निराळा, कुठे १२ पायल्यांचा तर कुठे १६ चा. त्यामुळे पाठ्यपुस्तकातलं कोष्टक लावू नका. वहीतलाच भाव वापरा. 'ज्वारी पल्ले ३, दर ११॥' आणि समोर ३४॥ असेल तर माप सरळ आहे. समोरचा आकडा जुळत नसेल तर मधे हमाली, आडत, धर्मादाय कापलेला आहे का ते शोधा. हे तिन्ही शब्द आडतीच्या वहीत पानोपानी येतात, म्हणून ते लवकर ओळखू येतात आणि त्यांतून ह, म, ल, ड, त, ध, र, द, य ही अक्षरं फुकट हाताला लागतात.

व्याजही तपासणीचं साधन आहे. 'दरमहा दर शेकडा १' असेल तर १५० रुपयांचं कार्तिक ते फाल्गुन पाच महिन्यांचं व्याज ७॥. एका महिन्याने जास्त निघालं तर त्या वर्षी अधिक महिना होता का ते पंचांगात पाहा. सावकार तो सोडत नसे. धान्य दिलेलं असेल तर व्याजाऐवजी सवाई किंवा दिढी असते: चार पायल्या नेल्या की सुगीला पाच, किंवा सहा. चैत्राच्या सुरुवातीला माणसांच्या नावापुढे वर्षाचे पैसे आणि ज्वारी एकत्र दिसली तर ते सालगड्यांचे करार. आपल्याकडे ते पाडव्यालाच बदलतात.

आता तुमचं फसली १३३०. हैदराबादचं सरकारी फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजर महिन्यापासून सुरू होई. फसलीत ५९० मिळवले की ऑक्टोबर ते डिसेंबरचं इसवी सन मिळतं, त्यापुढच्या महिन्यांना ५९१. म्हणजे तुमची वही ऑक्टोबर १९२० पासून पुढची. पण व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला पूजा करून उघडते, तेव्हा पहिली खरी नोंद नोव्हेंबर १९२० मधली, कार्तिक शुद्ध १ ची निघायला हवी. तिथे शके १८४२ आणि 'रौद्रनाम संवत्सरे' दिसेल. संवत्सर पडताळायची रीत सोपी आहे: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभवापासूनचा क्रमांक. १८४२ मध्ये १२ मिळवले की १८५४, बाकी ५४, चोपन्नावा रौद्र. बाकी शून्य आली तर क्षय. याच वहीत चैत्रात शक १८४३ होईल, संवत्सर दुर्मति होईल, पण फसली १३३० च राहील. आणि शेवटच्या महिन्यात, १९२१ च्या ऑक्टोबरात, फसली १३३१ लागेल. वर्ष मधेच बदललेलं पाहून पानं उलटसुलट शिवली आहेत असा समज करून घेऊ नका.

एखाद्या मारवाडी पेढीचा कागद आत असेल तर तिथे विक्रम संवत असेल, १९७७. त्यातून ५७ वजा करा, जानेवारी ते फाल्गुनासाठी ५६. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून वद्य पक्षात त्यांचं महिन्याचं नाव आपल्यापुढे एक असतं. आपली आश्विन अमावस्या ती त्यांची कार्तिक वद अमावस. हे माहीत नसलं की हुंडीची तारीख एक महिना पुढे गेल्यासारखी वाटते. लिपी मोडीपेक्षाही तुटक आणि काना-मात्रा नसलेली दिसली तर ती महाजनी. उजवीकडून डावीकडे असेल तर उर्दू. ही पानं वेगळी काढून त्या-त्या जाणकाराला दाखवा, मोडीवाल्याला त्यांत अडकवू नका.

एवढं झालं की अक्षरांना हात घाला. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली न थांबता लिहीत जातात, त्यामुळे शब्द तोडलेले नसतात. ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, अनुस्वार बहुधा गाळलेला, 'एक' हे 'येक' आणि 'एकूण' हे 'येकूण' असं येतं. म्हणून आजचं शुद्धलेखन डोळ्यांसमोर ठेवून शोधाल तर सापडायचं नाही. कोऱ्या कागदावर बाळबोध मुळाक्षरांचा तक्ता करा आणि प्रत्येक अक्षरापुढे याच वहीतली तीन-चार वळणं फोटोतून कापून लावा. छापील मोडी तक्ता उपयोगी आहे, पण दर लेखकाचा हात वेगळा. सुरुवात अंदाज येणाऱ्या शब्दांपासून करा: वरचं श्री, महिन्यांची नावं, जमा, बाकी, हस्ते, आणि तुमच्या आसपासच्या गावांची नावं: जिंतूर, मानवत, पाथरी, परतूर. गावाचं नाव माहीत असलं की त्यातली अक्षरं पक्की होतात, आणि ती अक्षरं मग माणसांची नावं उघडतात. फारसी वळणाचे काही शब्द सतत भेटतील: गुदस्त म्हणजे मागचं साल, सालमजकूर म्हणजे चालू साल, मजकूर म्हणजे वर सांगितलेला, बितपशील म्हणजे तपशीलवार. न लागलेल्या शब्दाजागी चौकोन काढा आणि पुढे चला. अंदाज पक्का म्हणून लिहून ठेवू नका. पुढच्या पानावर तोच शब्द स्वच्छ हाताने लिहिलेला भेटतो.

मदत हवी असेल तर महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. या विभागातर्फे मोडीचे वर्गही होतात. जाताना मूळ वही नेऊ नका, दहा-बारा चांगले फोटो न्या: एक पहिलं पान, एक रोजकीर्दीचं, एक खतावणीचं. वाचणाऱ्याला मोबदला पानावर ठरवायचा, आणि आधी एक पान वाचून घेऊन त्याच्या बेरजा स्वतः जुळवून पाहायच्या. बेरीज जुळत नसेल तर नावंही भरवशाची नाहीत.

दाखल्याबद्दल: कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून घरोघरच्या जुन्या वह्या बाहेर निघाल्या. पण खासगी हिशेबाची वही ही महसुली किंवा शाळेची सरकारी नोंद नव्हे. तिच्यात जातीचा उल्लेख सापडला तर त्या पानाचं प्रमाणित वाचन करून अर्जासोबत पूरक कागद म्हणून जोडता येईल, आधार मात्र सरकारी नोंदीचाच शोधा. निजामकाळातली कागदपत्रं बरीचशी उर्दूत आहेत. त्यातली काही तहसिलात, काही हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात. वहीतून कामी येतं ते वेगळंच: पूर्वजाचं पूर्ण नाव, गाव आणि नेमकं साल. या तीन गोष्टी हाती असल्या की सरकारी दप्तरात कुठलं वर्ष मागायचं ते कळतं.

आणि खतावणीची पानं गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. कोणाच्या आजोबांकडे किती बाकी राहिली, जमीन कशात गेली, ते त्यात नावानिशी आहे, आणि ती घरं अजून तुमच्या शेजारी आहेत. ज्याचं पान त्याला घरी बोलावून दाखवा.

वही ठेवायला लाल फडकं पुन्हा नको. नव्या लाल कापडाचा रंग ओलीने उतरतो. बिनरंगी मांजरपाट खळ जाईपर्यंत दोन-तीनदा धुऊन वाळवून घ्या, त्यात सैल गुंडाळा आणि पत्र्याच्या पेटीत आडवी ठेवा, वर दुसरं ओझं न ठेवता. पेटी जमिनीपासून वीतभर उंच, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. सिलिका जेलची पुडी पेटीच्या कोपऱ्यात, वहीला न लागेल अशी, आणि पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहणी. फोटोंच्या दोन प्रती करा, त्यातली एक सेलूबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे.